जुन्या लष्करी ट्रकच्या इंधनप्रणालीतील बिघाड कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेले शक्तिमान आणि निसान ट्रक खानदेशात अजूनही कामावर दिसतात. कुणी त्यांच्यावर पाण्याची टाकी चढवली आहे, कुणी बोअरचे यंत्र बसवले आहे, तर कुणाला पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवारातून माल रस्त्यावर आणण्यासाठी त्यांच्या चारही चाकांच्या ओढीची गरज असते. या गाड्या दणकट आहेत. त्यांच्या इंधनप्रणालीत एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही, त्यामुळे नीट क्रमाने तपासले तर त्यांचा जवळजवळ प्रत्येक दोष हाताला लागतो. तरीही गाडी जरा अडखळली की थेट डिझेल पंप सोडवण्याची घाई सर्रास केली जाते. पुढील सर्व उत्तरांमागे आग्रह एकच आहे : तपासणी टाकीपासून सुरू करावी आणि पंपाला सर्वांत शेवटी हात लावावा.

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू पडते?

मुख्यतः शक्तिमानला. जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्यावर हा डिझेल ट्रक १९५९पासून जबलपूरला बनू लागला आणि पुढे अनेक दशके भारतीय सैन्याचा भार त्याने वाहिला. निसानचा एक टनी ट्रक आणि जोंगा ही जीपसारखी लष्करी गाडी ही जबलपूरचीच भावंडे आहेत. परंतु त्यांचे ३९५६ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन पेट्रोलवर चालते, म्हणून त्यांचे प्रश्न शेवटी वेगळे घेतले आहेत. अनेक जुन्या गाड्यांमध्ये मूळ इंजिन काढून दुसरे डिझेल इंजिन बसवलेले असते. अशा गाडीत पंपाचे टायमिंग (डिझेल सोडण्याची नेमकी वेळ) आणि नोझलचा, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोंडाचा, दाब हे आकडे त्या बसवलेल्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत; शोधण्याची पद्धत मात्र तीच राहते.

दोष शोधण्यापूर्वी डिझेलचा मार्ग माहीत असणे आवश्यक आहे का?

होय, आणि तो तीन टप्प्यांत लक्षात ठेवला तर निम्मे काम तिथेच होते. पहिला टप्पा टाकीपासून फीड पंपापर्यंतचा. येथे डिझेल ओढले जाते, म्हणजे नळीच्या आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. दुसरा टप्पा फीड पंपापासून फिल्टरमधून मुख्य पंपाच्या, म्हणजेच डिझेल पंपाच्या, पोटापर्यंतचा. येथे डिझेल साधारण दाबाने ढकलले जाते आणि जादा झालेले ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून परत टाकीकडे जाते. तिसरा टप्पा मुख्य पंपापासून लोखंडी नळ्यांमधून नोझलपर्यंतचा, आणि येथील दाब शेकडो बारचा असतो.

या तिन्ही टप्प्यांत गळतीचे लक्षण वेगवेगळे असते. तिसऱ्या टप्प्यात डिझेल फवाऱ्यासारखे उडते, दुसऱ्यात ते पाझरते किंवा ठिबकते. पहिल्या टप्प्यात इंजिन चालू असताना बाहेर काहीच दिसत नाही, कारण तेथे डिझेल बाहेर येत नाही. बाहेरची हवा आत जाते.

गाडी हवा धरते, पण डिझेल कुठेच गळताना दिसत नाही. मग हवा येते कुठून?

खानदेशातील गॅरेजांत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच असावी. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, गाडी सुरू होते, थोड्या वेळाने आचके देते आणि बंद पडते; हातपंप मारून हवा काढली की पुन्हा चालते. चालक सगळ्या नळ्यांवरून हात फिरवून पाहतो आणि हात कोरडाच राहतो. या कोरड्या हातावरूनच संशय पहिल्या टप्प्यावर घ्यावा.

तेथील संशयित जागा ठरलेल्या आहेत. टाकीवरच्या जोडाचा वॉशर, चासीच्या कडेने गेलेल्या नळीवरील घासलेली जागा, तडकलेला रबरी पाइप, पाणी अडवणाऱ्या सेडिमेंटरच्या काचेखालील किंवा वाटीखालील रबर, आणि फीड पंपाच्या बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर. हे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात. जुनाच वॉशर उलटा करून बसवण्याची सवय मोडली पाहिजे, कारण चार पैशांच्या बचतीपायी दोन दिवस हवेचा पाठलाग करावा लागतो. आणखी एक जागा हमखास नजरेतून सुटते : फीड पंपावरील हातपंपाची मूठ. हवा काढून झाल्यावर ती पूर्ण खाली दाबून आटे घट्ट बसवायचे असतात. ती सैल राहिली, किंवा तिच्या आतले रबर झिजले, तर प्रत्येक फेऱ्यात तेथून हवा ओढली जाते.

शोध निश्चित करण्यासाठी फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडावी आणि इंजिन चालू ठेवून नळीकडे पाहत राहावे. निरोगी गाडीत सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे गेल्यावर नळी रिकामी आहे की भरलेली, हेही कळू नये इतकी ती स्वच्छ दिसते. दोष असेल तर बारीक बुडबुड्यांची माळ थांबत नाही आणि रेस वाढवली की ती दाट होते. मग टाकीच्या बाजूने एकेक जोड घट्ट करीत किंवा त्यावर जाड ग्रीस थापत पुढे यावे. ज्या जोडावर ग्रीस लावल्यावर माळ तुटते, तो जोड दोषी.

टाकीचा दोष आहे की पुढचा, हे लवकर कसे ठरवावे?

डबा लावून पाहावा. स्वच्छ डिझेलचा पाच-दहा लिटरचा डबा फीड पंपापेक्षा उंच, पण एक्झॉस्टपासून लांब आणि घट्ट बांधून ठेवावा. टाकीकडून येणारी नळी काढून तिच्या जागी डब्यातील नवी नळी थेट फीड पंपाला जोडावी, परतीची नळीही डब्यातच सोडावी, हवा काढावी आणि गाडी अर्धा तास उभ्या जागी वेगवेगळ्या रेसवर चालवावी. तक्रार नाहीशी झाली तर टाकी, तिच्यातील नळी, झाकण आणि चासीवरची लाइन यांखेरीज दुसरे काही उघडू नये. तक्रार तशीच राहिली तर ही सगळी मंडळी निर्दोष ठरली आणि आपण फिल्टरकडे वळण्यास मोकळे झालो. या चाचणीला फारसा खर्च येत नाही आणि तिच्याइतका स्पष्ट निकाल दुसरी कोणतीच चाचणी देत नाही, म्हणून ती टाळून कोणी पंप उतरवण्याचा सल्ला देत असेल तर मालकाने नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा.

ठिबकची काळी नळी डिझेल लाइनला लावली तर चालेल का?

चालणार नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ही नळी हाताशी असते, म्हणून अडचणीच्या वेळी ती जोडली जाते आणि मग तशीच राहून जाते. ती पाण्यासाठी बनवलेली आहे. इंजिनाजवळच्या उष्णतेने ती मऊ पडते, डिझेलने फुगते आणि ओढीच्या बाजूला असल्यामुळे आतल्या बाजूला चपटी होते. गाडी मोकळ्या रेसवर व्यवस्थित वाटते, पण भार आला की उपाशी राहते. शिवाय नुसत्या दाबून बसवलेल्या तिच्या जोडांतून हवा शिरते ती वेगळीच. इंधनासाठीचा तेलरोधक रबरी पाइप, दोन्ही टोकांना क्लिप आणि चासीला घासू नये म्हणून पकड, एवढे केले तर ती बाजू अनेक वर्षे बघावी लागत नाही.

टाकी अर्धी होईपर्यंत गाडी उत्तम चालते. नंतर, विशेषतः घाटात, बंद पडते. असे का?

टाकीच्या आत तळापर्यंत उतरणारी जी नळी असते तिला वरच्या भागात चीर पडली किंवा गंजाचे छिद्र पडले, तर डिझेलची पातळी त्या छिद्राच्या वर असेपर्यंत काहीच कळत नाही. पातळी खाली गेली की तीच नळी डिझेलऐवजी हवा ओढते. म्हणूनच बिघाड टाकीतल्या पातळीशी जोडलेला दिसला की ही नळी बाहेर काढून, तिचे एक टोक बंद करून, पाण्यात बुडवून फुंकून पाहावी.

घाटातला प्रकार थोडा वेगळा आहे. चढावर टाकीतील डिझेल मागच्या बाजूला जमते आणि नळीचे तोंड उघडे पडू शकते. लळिंगच्या किंवा चांदसैलीच्या घाटात टाकी तळाशी असताना भरलेली गाडी घालूच नये. मात्र टाकी पाऊण भरलेली असूनही गाडी चढावरच धाप टाकत असेल, तर तो पातळीचा दोष नसून पुरवठा अपुरा पडण्याचा आहे. सपाटीवर इंजिन जेवढे डिझेल मागते त्यापेक्षा चढावर कितीतरी अधिक मागते, आणि अर्धवट तुंबलेला फिल्टर किंवा टाकीतील तुंबलेली जाळी तेथेच उघडी पडते.

बंद पडलेली गाडी टाकीचे झाकण उघडल्यावर सुरू होते. हा योगायोग आहे का?

नाही. टाकीतून जेवढे डिझेल जाते तेवढी हवा आत आली पाहिजे. झाकणातील किंवा वेगळ्या नळीतील श्वासाचे छिद्र बंद झाले की टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाची ओढ तिच्यापुढे हरते. झाकण उघडताना ‘सुस्स’ असा आवाज येत असेल तर निदान तेथेच झाले. धूळ आणि रंगाचा थर ही नेहमीची कारणे आहेत. परंतु शेतात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशी त्या नळीत मातीचे घर करून ठेवते, तेही लक्षात ठेवून तार घालून पाहावे.

सेडिमेंटरमध्ये पाणी आणि शेवाळासारखा चिकट थर सापडतो. तो कुठून येतो आणि काय करावे?

अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते आणि रात्री थंड होते, तेव्हा तिच्यातील दमट हवेचे पाणी पत्र्याच्या आतील बाजूवर जमून तळाशी उतरते. खानदेशात दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक मोठा असल्याने, आणि पावसाळ्यात या गाड्या उघड्यावर उभ्या राहत असल्याने, हे पाणी साचायला वेळ लागत नाही. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना टेकतात तेथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. गडद, ओशट, दोऱ्यासारखा तो थर म्हणजे त्यांचाच साका असतो.

खात्री करण्यासाठी टाकीच्या तळाच्या बोल्टमधून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर द्रव काढावा आणि बाटली न हलवता तासभर सावलीत ठेवावी. चांगले डिझेल पारदर्शक राहते. पाणी असेल तर तळाशी स्वच्छ रेषा दिसते, त्या रेषेवर करडा थर तरंगत असेल तर वाढ सुरू झालेली आहे, आणि तळाशी लालसर गाळ बसला तर टाकी आतून गंजते आहे. पाणी नुसते काढून टाकल्याने प्रश्न तात्पुरता मिटतो. थर दिसल्यास टाकी उतरवून धुवावी, नळ्या वाऱ्याने फुंकाव्यात, दोन्ही फिल्टर बदलावेत आणि पुढील काही आठवडे सेडिमेंटर रोज पाहावा, कारण सुटलेला थर टप्प्याटप्प्याने येत राहतो.

ही मेहनत टाळू नये. पंपातील प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी असते. तेथे पाणी पोहोचले की गंज चढतो आणि मग खरोखरच पंपाचा मोठा खर्च उभा राहतो.

फिल्टर धुऊन वापरावा का?

कापडी किंवा नमद्याचा पहिला फिल्टर स्वच्छ डिझेलने धुता येतो. कागदी फिल्टर कधीही धुऊ नये.

हवा काढण्याची बरोबर पद्धत कोणती?

हवा नेहमी टाकीकडून नोझलकडे, त्याच क्रमाने काढावी. प्रथम फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. सुरुवातीला फेस येतो, नंतर फेस आणि डिझेल आलटून-पालटून येतात आणि शेवटी एकसंध धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू घट्ट करावा. हात थांबवून मग घट्ट केला तर हवा पुन्हा आत जाते. त्यानंतर मुख्य पंपाच्या अंगावरील स्क्रूपाशी हेच करावे. एवढे झाल्यावरही गाडी सुरू होत नसेल तर दोन-तीन नोझलवरील नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून, रेस पूर्ण देऊन सेल्फ मारावा आणि डिझेल दिसू लागताच नट आवळावेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबावे.

हातपंप कितीही मारला तरी हाताला भार लागत नसेल, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह झिजले आहेत किंवा त्यांच्याखाली कचरा अडकला आहे. याच व्हॉल्व्हमुळे रात्रभर उभ्या गाडीतील डिझेल मागे उतरते आणि सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतो.

धुराच्या रंगावरून काय ओळखावे?

काळा धूर म्हणजे जळायला मिळालेल्या हवेपेक्षा डिझेल जास्त. म्हणून आधी हवेचा फिल्टर पाहावा. तेलाच्या वाटीच्या जुन्या फिल्टरमध्ये कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातली रुई आणि रस्त्यावरची धूळ मिळून लगदा होतो. तो साफ केल्यावर ‘नोझल खराब आहेत’ असे ठरवलेल्या गाडीचाही धूर गेलेला पाहिला आहे. फिल्टर स्वच्छ असूनही धूर काळाच राहिला तर ठिबकणारे नोझल किंवा कोणीतरी वाढवून ठेवलेला पंपाचा स्क्रू यांचा विचार करावा.

पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळलेले डिझेल आहे : थंड इंजिन, मागे पडलेले टायमिंग, कमी कॉम्प्रेशन किंवा एखादा न जळणारा सिलिंडर. निळा धूर इंजिन ऑइलचा असतो आणि त्याचा शोध बहुधा इंजिनाच्या आतच घ्यावा लागतो. सेल्फ मारताना कोणत्याच रंगाचा धूर दिसत नसेल तर नोझलपर्यंत डिझेल पोहोचतच नाही, हे गृहीत धरून मागे टाकीकडे जावे. चालू करण्यापूर्वी स्टॉपचा दांडा ‘बंद’वर अडकलेला नाही ना, हे पाहणे अर्थातच आले.

एक सिलिंडर मिस होतो. कोणता, हे कसे शोधावे?

इंजिन मोकळ्या रेसवर ठेवून एका वेळी एकाच नोझलच्या नळीचा नट सैल करावा आणि आवाज ऐकावा. निरोगी सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच मंदावते आणि थरथरते. ज्या सिलिंडरवर काहीच फरक पडत नाही, तोच झोपलेला आहे. आता त्याचे नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. दोष त्याच सिलिंडरवर राहिला तर पंपाचा तो घटक किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासावे. लोखंडी नळ्या मात्र कापू, वाकवू किंवा लहान-मोठ्या करू नयेत; सर्व सिलिंडरांना डिझेल एकाच वेळी मिळावे म्हणून त्यांची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली असते.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने घ्यावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर किंवा गळणाऱ्या लोखंडी नळीवर बोट धरून पाहू नये. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो. बाहेर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही, परंतु आतील मांस मरू लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. असे झाल्यास जखम लहान आहे म्हणून घरी न थांबता त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

मग पंप सोडवायचा केव्हा?

डबा लावून पाहिला, फिल्टर नवे बसवले, फीड पंपाची धार पाहिली, ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग शाबूत असल्याची खात्री केली, नोझल यंत्रावर तपासून घेतले आणि तरीही गाडी ओढत नाही, असे झाले तर. पंपाच्या तेलाची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर प्लंजरमधून किंवा फीड पंपाच्या दांड्याजवळून डिझेल खाली उतरते आहे. ज्या पंपांना इंजिनाच्याच ऑइलचा पुरवठा असतो तेथे इंजिनाचे ऑइल पातळ होते, आणि तसे दिसल्यास गाडी चालवणे थांबवावे. हे दोष मात्र खरोखर पंपाचे आहेत.

उतरवण्यापूर्वी कपलिंगवर आणि पंपाच्या पायावर छिन्नीने खुणा कराव्यात आणि सर्व तोंडे स्वच्छ फडक्याने नव्हे, तर टोपणांनी बंद करावीत, कारण फडक्याचा एक धागाही नोझल तुंबवायला पुरतो. पंप दुरुस्तीवाल्याकडे देताना तो उघडण्याआधी आहे त्या स्थितीत यंत्रावर चढवून प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जाते ते लिहून घ्यावे, काम झाल्यावरचे आकडेही मागावेत आणि बदललेले सुटे भाग परत घ्यावेत. प्रामाणिक कारागीर याला हरकत घेत नाही. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवल्याने ताकद वाढल्यासारखी वाटते; प्रत्यक्षात धूर आणि उष्णता वाढते आणि मे महिन्यात पिस्टन त्याची किंमत मोजतात.

अनेक वर्षे उभी असलेली गाडी प्रथम सुरू करताना कोणती काळजी घ्यावी?

बॅटरी जोडण्याआधी पंपाची रॅक, म्हणजे डिझेलचा पुरवठा कमी-जास्त करणारी सरकती दांडी, मोकळी आहे का, ते पाहावे. दीर्घकाळ पडून राहिलेल्या पंपात जुन्या डिझेलचा राळेसारखा थर जमतो आणि रॅक पूर्ण पुरवठ्याच्या स्थितीत अडकू शकते. असे इंजिन सुरू झाले की रेस सोडली तरी थांबत नाही. ते वेग घेत जाते आणि फुटेपर्यंत फिरते. ज्या पंपात इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर वाऱ्याच्या ओढीवर चालतो, तेथे त्याचा फाटलेला पडदा हेच घडवतो, कारण स्प्रिंग रॅकला पूर्ण पुरवठ्याकडे ढकलते आणि तिला रोखणारे काही उरत नाही.

म्हणून स्टॉपचा दांडा हाताने पुढे-मागे करून तो सहज परततो का, हे पाहावे. पंपाच्या बाजूचे झाकण काढता येत असेल तर रॅक डोळ्यांनी सरकताना पाहावी. त्यानंतरही पहिल्या वेळी हवेच्या फिल्टरची नळी काढून ठेवून इंजिनाच्या हवेच्या तोंडाजवळ एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा करावा. इंजिन हाताबाहेर गेले तर हवा बंद करणे हाच खात्रीचा उपाय आहे. हाताचा तळवा किंवा पोते त्या तोंडावर धरू नये. जुने डिझेल अर्थात आधीच काढून टाकलेले असावे.

लष्करी ट्रक रॉकेलवर, पेट्रोलवर, कशावरही चालतो असे म्हणतात. ते खरे आहे का?

काही परदेशी लष्करी ट्रकांबाबत ते खरे आहे. अमेरिकेच्या एम-३५ए२ ट्रकाचे इंजिन मुद्दाम अनेक इंधनांसाठी बनवलेले होते. आपल्याकडील लिलावाच्या ट्रकाला तो गुण परस्पर चिकटवू नये. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते, ते प्लंजर आणि नोझलला पुरेसे वंगण देत नाही, आणि पेट्रोलची भेसळ तर आगीला आमंत्रण आहे. महामार्गालगत ‘बायोडिझेल’ या नावाने अतिस्वस्त विकल्या जाणाऱ्या अज्ञात तेलांपासूनही दूर राहावे.

बीएस-६ डिझेलमुळे जुना पंप झिजतो का? त्यात टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचे) ऑइल घालावे का?

१ एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांपर्यंतच असते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणगुण घटतो हे खरे. पण विक्रीच्या डिझेलला वंगणगुणाचीही मर्यादा पाळावी लागते आणि त्यासाठी आवश्यक द्रव्य आधीच मिसळलेले असते. वेगळे ऑइल घालण्याची गरज नाही. कडक झालेली जुनी सील पाझरू लागली असतील तर ती बदलावीत.

निसान किंवा जोंगा उन्हाळ्यात दुपारी बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते. दोष कशात आहे?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा बॉनेटखालील पेट्रोल नळीतच उकळू लागते. पंपाचा पडदा द्रव ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही, म्हणून कार्ब्युरेटर रिकामा पडतो. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवून दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्के झाले. नळी एक्झॉस्टपासून दूर वळवणे, मध्ये पत्र्याचा आडोसा देणे आणि मूळ उष्णतारोधक तुकडे पुन्हा बसवणे हा कायमचा उपाय आहे.

फडक्याने फरक पडला नाही तर इग्निशनकडे पाहावे. तापल्यावर खराब होणारी कॉइल आणि कंडेन्सर हुबेहूब हीच लक्षणे दाखवतात. गाडी बंद पडताच कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहून रेसचा दांडा ओढावा : पेट्रोलची धार दिसली तर पुरवठा ठीक आहे आणि दोष ठिणगीचा आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा या गाड्यांवर परिणाम होतो का?

होतो. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र आहे आणि या गाड्यांचे रबर त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. पंपाचा पडदा ताठरतो, नळ्या आतून सुटतात, टाकीतील जुना थर विरघळून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (बारीक छिद्रात) येतो. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. तेथेच नळीचे तोंड असते. इथेनॉलला टिकणारे पडदे आणि नळ्या एकदाच बसवून घ्याव्यात आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत. डिझेल ट्रकाचा नियम याच्या उलट आहे : तो पावसाळ्यात उभा राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे पाणी जमायला आत हवाच उरत नाही.

टाकीला छिद्र पडले आहे. वेल्डिंग करून घ्यावे का?

गंजलेल्या टाकीचे एक छिद्र बुजवले की शेजारी दुसरे उघडते, म्हणून शक्यतो नवी टाकी बनवून घ्यावी. वेल्डिंग करायचेच असेल तर रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, हे विसरू नये. तिच्यातील वाफ आणि हवेचे मिश्रण एका ठिणगीने फुटते. टाकी गाडीवरून उतरवून गरम पाणी व साबणाने अनेकदा धुवावी, सर्व तोंडे उघडी ठेवून वाळवावी आणि वेल्डिंग करताना ठिगळाच्या जागेपर्यंत पाण्याने भरून ठेवावी. एवढी तयारी न करता काम करणाऱ्या दुकानातून टाकी उचलून परत आणावी.